तुमचा अस्लम, आपला अस्लम

पुणेरी पलटणचं काय चाललंय, हे गेल्या महिन्याभरात मला इतक्या जणांनी विचारलंय, की जणू संघ माझ्या चुलत्याच्या मालकीचा आहे. नरसिंहपुरात कबड्डी बघणारे पुष्कळ. पण पलटणचा प्रत्येक सामना वहीत टिपून ठेवणारा बहुतेक मी एकटाच, त्यामुळे पलटण हरली की जाब मला द्यावा लागतो. दूध घालायला गेलो तरी तेच, नमाजहून परत येताना रस्त्यात कुणी भेटलं तरी तेच. एकदाचं लिहून टाकतो.

आधी हिशेब. मागच्या म्हणजे दहाव्या हंगामात पलटणनं २२ साखळी सामन्यांपैकी १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले आणि फक्त २ हरले. ९६ गुण घेऊन पहिला क्रमांक. मग १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा करंडक आणला. पंकज मोहितेनं एका चढाईत चार गडी टिपले तो सामना. ज्यांनी पहिल्या दोन हंगामांत पलटणला तळाला बसलेलं बघितलंय त्यांना त्या रात्री झोप लागली नसणार. मला तरी लागली नाही.

यंदा गडी बऱ्यापैकी तेच, प्रशिक्षक तेच, जर्सीचा रंगही तोच. लीगमध्ये बारा संघ, त्यातले पहिले सहा बाद फेरीत जाणार. डिसेंबरचा मध्य आलाय, बालेवाडीचा टप्पा सुरू होऊन दहा-बारा दिवस झालेत आणि गतविजेती पलटण पहिल्या सहाच्या बाहेर उभी राहून आत कोण कोण बसलंय ते बघतेय. मागच्या साली अख्ख्या हंगामात मिळून जे दोन पराभव झाले, तो आकडा यंदा कधीच मागे पडला.

वाईट याचं वाटतं की सुरुवात झकास होती. १९ ऑक्टोबरला पहिलाच सामना त्याच हरयाणाशी, आणि ३५-२५ असा दहा गुणांनी जिंकला. त्या रात्री मला फोन करून करंडकाची मिरवणूक कुठून काढायची हे विचारणारे होते. आज ते फोन उचलत नाहीत. आणि तोच हरयाणा संघ आज गुणतक्त्यात वर बसून राज्य करतोय.

आता हरयाणा वर का आणि आम्ही खाली का, याचं निम्मं उत्तर एका माणसात आहे. मोहम्मदरेझा शादलुई. इराणी गडी, डावा कोपरारक्षक. कबड्डी न बघणाऱ्यांसाठी सांगतो: सात बचावपटूंच्या साखळीत दोन्ही टोकांना जे उभे असतात ते कोपरारक्षक. चढाई करणारा बोनस रेषेकडे पाय टाकतो तेव्हा त्याच्या घोट्याला हात घालायचं काम प्रामुख्यानं यांचं. कोपरा मजबूत असेल तर समोरचा चढाईपटू बोनस घेतानाही दोनदा विचार करतो, मैदानाच्या मध्यावरच घुटमळतो, आणि त्याचे तीस सेकंद नुसते दम धरण्यात जातात. असं दोनदा झालं की तिसरी चढाई ‘करो या मरो’. म्हणजे गुण आणायचाच, नाहीतर बाद व्हायचं. तेव्हा तो बिचारा आपणहून जाळ्यात येतो. मागच्या वर्षी पलटणचा अर्धा खेळ हाच होता. शादलुईनं प्रत्यक्ष किती पकडी केल्या हे एक, आणि त्याच्या नुसत्या उभं राहण्यानं किती जण चढाईला येऊन हात हलवत परत गेले हे दुसरं. तक्त्यात पहिलंच दिसतं. सर्वोत्तम बचावपटूचा मान त्यालाच मिळाला होता.

आणि त्याला आपण सोडून दिलं. ऑगस्टच्या लिलावात हरयाणानं २ कोटी ७ लाखांना उचलला. पैशाचं गणित असणार हे मला कळतं. एका गड्यावर एवढी रक्कम घातली तर बाकीचा संघ कशानं बांधायचा? पलटणची रीत पहिल्यापासून कोवळी पोरं आणून घडवायची आहे, युवा पलटण त्यासाठीच काढलीय, आणि मला ती रीत आवडते. अस्लम इनामदार, मोहित गोयत हे त्याच रीतीचे. दोघेही आठव्या हंगामात नवखे म्हणून आले आणि बघता बघता संघाचा कणा झाले. पण कोपरा ही जागा अशी आहे की तिथं उभं राहणाऱ्याला फसण्याचा अनुभव लागतो. शंभरदा फसल्यावर एकशेएकाव्यांदा कळतं की हा पाय बोनससाठी आलाय की हुलकावणीसाठी. यंदा आपली पोरं ते शंभर पुरे करतायत, आणि बिल आपण भरतोय.

शादलुईचा विषय निघालाय तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ, आशियाई क्रीडा स्पर्धेचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. शेवटची मिनिटं, २८-२८ बरोबरी, पवन सेहरावतची चढाई, लॉबीत कोण आधी गेलं यावरून वाद, आणि खेळ तासभर थांबला. दोन्हीकडचे खेळाडू मॅटवर बसून. शेवटी भारत ३३-२९ जिंकला. त्या भारतीय संघात आपले अस्लम आणि आकाश शिंदे होते. समोर इराणच्या साखळीत शादलुई. आमच्याकडे त्या तासाभरात इराण्यांना ज्या शिव्या पडल्या त्या इथं लिहिता येणार नाहीत. आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत मुंबईत लिलाव झाला, त्यात पलटणनं २ कोटी ३५ लाखांना शादलुई घेतला. ज्या माणसानं हॉटेलात सगळ्यात मोठ्यानं शिवी दिली होती त्यानंच दुसऱ्या दिवशी मला विचारलं, ‘‘आपला इराणी आला का?’’ कबड्डी मला आवडते ती अशा गोष्टींमुळेही. त्याआधीच्या वर्षी तर पलटणचा कर्णधारच फजल अत्राचली होता, तोही इराणी, आणि आमची पोरं त्याला ‘सुलतान’ म्हणून डोक्यावर घेत होती.

दुसरं कारण कर्णधाराचा गुडघा. हंगाम मध्यावर यायच्या सुमाराला अस्लमला दुखापत झाली आणि तो उरलेल्या हंगामातून बाहेर गेला. यावर तुम्ही म्हणाल, एक चढाईपटू गेला तर दुसरा आहे. पंकज आहे, मोहित आहे, आकाश आहे. आहेत, आणि चांगले आहेत. पण अस्लमचा खेळ नुसत्या गुणांत मोजायचा नाही. तो एका सामन्यात वीस गुण आणून टाळ्या घेणारा गडी नाही. तो जातो, साखळीच्या टोकाला नुसता हात लावतो आणि परत फिरतो. घाई नाही, मांडीवर थाप मारून आव्हान नाही. ‘करो या मरो’च्या चढाईला इतरांच्या कपाळावर घाम येतो, हा मात्र किराणा आणायला निघाल्यासारखा जातो. आणि परत आला की बचावातही उभा राहतो, पकडीत सामील होतो. गेल्या हंगामात सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून त्याची निवड झाली ती यासाठीच. त्याच्या जागी जो येतो त्याला एकाच वेळी तीन माणसांची कामं करावी लागतात. तरणा चढाईपटू म्हणतो, मी गुण आणून दाखवतो, आणि शेवटच्या पाच मिनिटांत जिथं वेळ काढायचा तिथं आत घुसून पकडला जातो. मग तो बाहेर, त्याच्यामागून दुसरा बाहेर, आणि लोण. हातातला सामना असा जातो. हे मी या महिन्यात वहीत इतक्यांदा लिहिलंय की आता नुसतं ‘नेहमीचं’ एवढंच लिहितो.

पलटण सामने हरते ते बहुतेक शेवटच्या दहा मिनिटांत, असं माझं निरीक्षण आहे. सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलं तर एक गुण मिळायचा हा २०२४ च्या हंगामात नियम होता म्हणून बरं, नाहीतर आणखी खाली गेलो असतो.

प्रशिक्षक बदला म्हणणाऱ्यांत मी नाही. देवळाच्या गल्लीतला माझा एक वर्गमित्र आहे, तो रोज बी. सी. रमेश यांना काढून टाकतो. त्याचं म्हणणं, संघ तोच, मग हरतो का? मी म्हणतो, संघ तोच नाहीच मुळी, डावा कोपरा आणि कर्णधार गेल्यावर तो तोच संघ कसा? रमेश यांनी २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सला आणि मग पलटणला करंडक मिळवून दिलाय. दोन वेगळ्या संघांना जिंकवणारा माणूस दोन महिन्यांत अडाणी होत नाही. माझी तक्रार एवढीच की त्यांनी शेवटच्या पाच मिनिटांसाठी एक ठरावीक माणूस नेमायला हवा होता, मग तो कितीही कमी गुण आणो. मित्राला हे पटत नाही. नरसिंहाच्या घाटावर बसून आम्ही दोघं यावर जेवढं भांडलोय तेवढं ग्रामसभेत कधी भांडलो नाही.

वेळापत्रकाचंही थोडं आहे. यंदा लीग तीनच शहरांत: हैदराबाद, नोएडा, आणि डिसेंबरमध्ये पुणे. म्हणजे पलटणचं घर सगळ्यात शेवटी आलं. घसरगुंडी लागली ती परक्या गावी, आणि घरी आलो तेव्हा खांदे पडलेले. खरं तर आम्हा इथल्यांना घर काय नि परगाव काय, सारखंच. बालेवाडी इथून पावणेदोनशे किलोमीटर. आठ आणि नऊ वाजताचे सामने बघून परत यायचं तर पहाट होते, आणि सकाळी ऊस.

म्हणून पलटणचा खरा प्रेक्षक बालेवाडीत नसून उसात उभा आहे, असं माझं मत आहे. आमच्याकडे शेतीपंपाची लाईट पाळीनं येते. रात्रपाळी असली की थंडीत मफलर गुंडाळून दारं धरायला जायचं, एका हातात खोरं, दुसऱ्या हातात मोबाईल, त्यावर सामना. सरी भरत आली की सामना थांबवून दारं मोडायचं, परत येऊन बघतो तर दोन गडी बाद. बिबट्याची भीती असल्यानं आवाज मोठा ठेवायचा, हा एक फायदा. मागच्या महिन्यात एका रात्री आमच्या पलीकडच्या वावरातून आवाज आला, ‘‘गेली का?’’ मी म्हणालो, ‘‘गेली.’’ एवढंच. अंधारात कोण होतं ते दिसलंही नाही, पण दोघांना एकच गोष्ट लागली होती हे कळलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

मार्चमध्ये पलटण जिंकली तेव्हा स्टँडजवळच्या हॉटेलात मला जे पेढे मिळाले ते ‘आपला अस्लम’ म्हणून मिळाले. आपल्या अस्लमनं करंडक आणला. अहमदनगरचा पोरगा, म्हणजे नदीपलीकडचाच. भीमेच्या वरच्या अंगाला पाणी ओलांडलं की नगर जिल्हा लागतो, ज्याला या ऑक्टोबरपासून अहिल्यानगर म्हणायचं. ग्रामीण भागातला, साध्या घरातला, आपल्यासारखा. आणि आता डिसेंबरमध्ये त्याच हॉटेलात, त्याच बाकावरून, चहा ढवळता ढवळता एक जण म्हणाला, ‘‘काय सर, तुमच्या अस्लमचा गुडघा काय म्हणतोय?’’

‘तुमच्या’.

बोलणारा माणूस वाईट नाही. त्याच्या मनात काही नव्हतं हे मी शपथेवर सांगेन. माझ्या अब्बांच्या मयतीला कबर खणायला आलेल्यांत तो होता. पण सर्वनाम आपोआप बदललं, आणि ज्याला ते लागू झालं त्याला ते ऐकू आलं. मी म्हणालो, ‘‘माझा कसला, पलटणचा आहे तो. तुम्ही मागच्या वर्षी त्याच्या नावानं पेढे खाल्लेत.’’ सगळे हसले, तोही हसला, विषय संपला. मी मात्र तेव्हापासून कान देऊन ऐकतोय. शादलुईला कुणी ‘तुमचा’ म्हणत नाही. तो दोन हजारांवर किलोमीटरवरून आलेला, त्याचं नाव मोहम्मदनं सुरू होतं, पण तो नुसता ‘इराणी’. फजलही नुसता ‘सुलतान’. परदेशी माणसाला सर्वनाम लागत नाही. शेजारच्या जिल्ह्यातल्या मराठी बोलणाऱ्या पोराला मात्र लागतं.

गंमत बघा, त्याचं आडनाव तर असं आहे की त्यावरून काहीच ठरत नाही. इनाम ज्याला मिळालं तो इनामदार. देवळाच्या दिवाबत्तीसाठी मिळालेलं इनाम असेल, दर्ग्याच्या उदबत्तीसाठी मिळालेलं असेल, लढाईतल्या कामगिरीचं असेल. ‘राऊ’ लिहिणारे ना. सं. इनामदारही इनामदार आणि पुण्यात आझम कॅम्पस उभा करणारे पी. ए. इनामदारही इनामदार. आमच्या भागात तर देशमुख, पाटील यांपैकी कोण कोणत्या बाजूचा हे विचारल्याशिवाय कळत नाही अशी किती तरी घरं आहेत. जर्सीवर नुसतं आडनाव छापलं तर कुणाला काही कळणार नाही. कळतं ते आधीच्या नावावरून.

हे आत्ताच का टोचतं, तर नोव्हेंबर आठवा. पलटणचा घसरण्याचा काळ आणि आपल्या विधानसभेच्या प्रचाराचा काळ एकच होता. वीस तारखेला मतदान. हॉटेलातला टीव्ही रात्री आठपर्यंत बातम्यांवर असायचा, त्यात ‘बटेंगे तो कटेंगे’ आणि ‘एक हैं तो सेफ हैं’ आलटून पालटून. आठ वाजले की मालक चॅनेल बदलून कबड्डी लावायचा. पाच मिनिटांपूर्वी जो टीव्ही मला सांगत होता की इथं दोन बाजू आहेत, तोच टीव्ही आता सांगायचा की हो, दोन बाजू आहेत, आणि मध्ये एक रेषा आहे, पण आपण सगळे रेषेच्या एकाच बाजूला आहोत, समोर पाटणा आहे. बारामतीच्या अजितदादांनीही, जे राज्य कबड्डी संघटनेचं अध्यक्षपद सांभाळलेले, अशा घोषणा महाराष्ट्रात चालत नाहीत म्हणून सांगितलं होतं. चालतात की नाही यावर मी इथं काही लिहीत नाही, निवडणूक झाली, आपापलं मत आपण दिलं. मी फक्त सर्वनामांबद्दल बोलतोय. घोषणा भिंतीवरून पुसली जाते, सर्वनाम तोंडात राहतं.

इथं मला हेही लिहिलं पाहिजे की अस्लमला आमच्याकडे पडलेल्या बाकी सगळ्या शिव्या शंभर टक्के कबड्डीच्या होत्या. ‘‘एवढा कर्णधार, गुडघ्याला पट्टी बांधून खेळायचं ना.’’ ‘‘मॅटवर खेळून पायाची वाट लागते, मातीवर कधी कुणाचा गुडघा गेला होता का?’’ (गेले होते, भरपूर गेले होते, फक्त तेव्हा एमआरआय नव्हता, माणूस लंगडायचा आणि त्याचं टोपणनाव पडायचं.) ‘‘लिलावात पैसा मिळाला की पाय जड होतात.’’ या शिव्या ऐकताना मला खरंच बरं वाटलं. हा जो साधा, धर्म नसलेला, चिडलेला राग आहे, तो प्रत्येक खेळाडूचा हक्क आहे. पंकजला मिळतो, मोहितला मिळतो, अस्लमलाही मिळाला पाहिजे.

तो सगळ्यांना मिळत नाही हे आपण बघितलंय. २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गड्यांनी हरला. अकराच्या अकरा जण हरले. पण सोशल मीडियावर हरला तो एकटा मोहम्मद शमी. कर्णधार विराट कोहलीला उघडपणे त्याच्या बाजूनं बोलावं लागलं, आणि तो बोलला, ते त्याच्या खात्यावर कायमचं जमा आहे. नंतर १५ नोव्हेंबर २०२३ ला वानखेडेवर त्याच शमीनं न्यूझीलंडविरुद्ध ५७ धावांत सात बळी घेतले, तेव्हा त्याची आरती ओवाळायची तेवढी बाकी होती. मला त्या दोन्ही दिवसांची सारखीच धास्ती वाटते. सात बळी घेतल्यावर देशभक्त, एक षटक महाग गेलं की संशयित. मधली जागाच नाही. सात नाही, दोनच बळी घेतले, बरा टाकला, घरी गेला, असा दिवस ज्याच्या वाट्याला येऊ शकतो तो खरा आपल्या घरचा.

आणि बोट फक्त पलीकडे दाखवून चालणार नाही. बारामतीचा माझा एक मामेभाऊ मार्चपासून मला अस्लमचे रील पाठवतोय. मागे कव्वाली, वर शेराचं चित्र, ‘अपना बंदा’. मी त्याला विचारलं, पंकजनं चार गडी मारले तो रील कुठाय? त्याच्याकडे नव्हता. शादलुईचा मात्र होता. म्हणजे हासुद्धा ‘तुमचा’ म्हणणाऱ्याच्याच बाकावर बसलाय, फक्त तोंड दुसरीकडे. हॉटेलात कुणी ‘तुमचा’ म्हटलं की आम्हाला लागतं, आणि घरी येऊन आम्ही ‘अपना’ म्हणत त्याच वाटणीवर सही करतो. त्याला मी हे फोनवर सांगितलं तर म्हणाला, ‘‘भाईजान, इतनी सी खुशी भी नहीं क्या?’’ खुशी आहे की. मलाही यादीत त्याचं नाव दिसलं की छाती थोडी फुगते, ती कशानं फुगते ते मला ठाऊक आहे, आणि जिथं आपली नावं बहुधा वेगळ्याच कारणानं बातमीत येतात तिथं ती फुगणारच. पण त्या पोराच्या फाटक्या गुडघ्यावर आपण अख्ख्या समाजाचं वजन का ठेवायचं? त्याला पलटणचंच पुरेसं आहे.

आता दुखापत झालीच आहे तर माझं संघाला म्हणणं सरळ आहे. त्याला घाईनं आणू नका. बाद फेरीची आशा टिकली तरी आणू नका. गुडघा हा चढाईपटूचा धंदा आहे. वळण त्यावर, थांबणं त्यावर, परत झेपावणं त्यावर. अर्धवट बरा करून उतरवला तर पुढची पाच वर्षं जातील, आणि मग तो त्या मधल्या जागेतही राहणार नाही, थेट विस्मरणात जाईल. उरलेल्या सामन्यांत दोन्ही कोपऱ्यांवर पोरांची एकच जोडी कायम ठेवा, हरली तरी बदलू नका, कारण कोपरे एकमेकांचे पाय ओळखायला लागले की मगच बचाव बसतो. सामन्यागणिक जोडी बदलून यंदाही काही मिळणार नाही आणि पुढच्या वर्षासाठीही काही शिल्लक राहणार नाही. गौरव खत्री, अबिनेश नदराजन ही काय टाकाऊ माणसं नाहीत. आणि पुढच्या लिलावात कृपा करून कोपऱ्याला दोन पैसे जास्त ठेवा, चढाईपटू आपल्याकडे उगवतात.

प्रेक्षकांना एक. बालेवाडीत जे जातायत त्यांनी पलटण मागे पडली की उठून जाऊ नका. टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या दिसतात आणि आमच्यासारख्या लांबच्यांना वाटतं की आपली खुर्ची कुणीतरी फुकट घालवली.

परवा हॉटेलात पुन्हा तोच माणूस भेटला. पलटणचा आदल्या दिवशीचा सामना डोळ्यांदेखत हातातून गेला होता. मी बसतोय तोवर त्यानं सुरुवात केली, ‘‘त्या तुमच्या...’’ आणि थांबला. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, ‘‘त्या तुमच्या रमेश सरांना सांगा, शेवटची पाच मिनिटं कुणाला तरी नुसतं उभं करा म्हणावं.’’ मी म्हणालो, रमेश सर बेंगळुरूकडचे, माझे कुठून झाले? म्हणाला, ‘‘वही तुम्ही लिहिता, सगळी पलटणच तुमची.’’ मित्रानं तेवढ्यात रमेश सरांना पुन्हा एकदा काढून टाकलं, आणि चहा यायच्या आत आमचं डाव्या कोपऱ्यावरून लागलं.